नवी फळी जुनी कशी करायची? आजीच्या खिडकीची गोष्ट

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, रंगकामावर आहे.

झालं असं, की गावचं घर पाडायला काढलं तेव्हा मी माजघराच्या खिडकीची एक झडप पुण्याला घेऊन आलो. हिरवा ऑइलपेंट, जागोजागी उडालेला. म्हटलं, थोडा पॉलिशपेपर मारू आणि हॉलमध्ये टांगू. ताईने फोनवरच अडवलं. "घरात माझी रांगती पोर येते. जुन्या रंगात शिसं असतं, माहितीये ना?"

मी शोधलं, तर ताईचं बरोबर होतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते, ती लहान मुलांच्या पोटात जाते आणि मेंदूच्या वाढीला धोका होतो. म्हणून जुनं दार-खिडकी घासू नका, तापवून रंगही काढू नका. मी झडप ओल्या फडक्याने पुसली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली.

मग ठरवलं, तिची नक्कल करायची. नवी पाइनची फळी, नवा अ‍ॅक्रिलिक रंग.

आधी फळीला १२० नंबरचा पॉलिशपेपर मारून पुसून घ्या. (मास्क लावा, लाकडाची धूळही वाईटच.) त्यावर गडद तपकिरी रंगाचा हात द्या. वाळला की जिथे झीज दाखवायची तिथे साधी मेणबत्ती घासा. मेणावर रंग धरत नाही, सगळी जादू तीच.

तडे हवेत? मेण नाही अशा एखाद्या पट्ट्यात फेव्हिकॉलचा जाड थर द्या. तो चिकट असतानाच वर हिरवा रंग एकाच फटकाऱ्यात लावा, पुन्हा ब्रश फिरवू नका. वरचा रंग आधी वाळून आकसतो, खालचा गोंद अजून ओला असतो, म्हणून रंग फाटतो. बाकी फळीवर हिरव्याचे दोन पातळ हात.

रात्रभर वाळू द्या. मग मेणाच्या जागी २२० नंबरचा पेपर हलक्या हाताने फिरवा. हिरवा सुटतो, तपकिरी डोकावतो. सुटलेलं मेण नीट पुसा, नाहीतर वॉर्निश धरणार नाही. त्यानंतर तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून फळीवर लावा आणि लगेच फडक्याने पुसून घ्या. खाचांमध्ये मळ बसल्यासारखा दिसतो. शेवटी मॅट वॉर्निश.

आता खरी गोष्ट. माझी पहिली फळी साफ खोटी दिसत होती, कारण मी सगळीकडे सारखंच घासलं होतं. खरी झीज अशी नसते. तिला कारण असतं. कडीजवळ हात लागतो, खालच्या कडेला पावसाचे शिंतोडे बसतात, कडा कपड्यांना घासतात. म्हणजे झीज हा त्या वस्तूचा लॉगच आहे म्हणा ना! दुसऱ्या फळीला मी झडपेचे फोटो समोर ठेवून फक्त त्या जागा घासल्या. जमली.

व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितली. म्हणाली, "छान केलीस रे. पण कंदिलाची खूण कुठंय?"

झडपेवर वरच्या खिळ्याखाली एक गोलसर झीज होती. मला ती उगाचची वाटली, म्हणून सोडून दिली होती. आजी म्हणाली, लाइट येण्याआधी कंदील रोज तिथेच टांगायचो, वाऱ्याने हलून तो घासायचा.

वॉर्निश लागलं होतं, तरी मी पुन्हा पॉलिशपेपर काढला.

तुमच्या घरातलं एखादं जुनं दार पाडण्याआधी फोटो काढा. आणि कुठली झीज कशाची, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. भेटू पुढच्या एपिसोडला!