बत्तीस बिटांचा संसार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. धडधाकट यंत्रं त्या दिवशी कागदोपत्री म्हातारी झाली. अशा वेळी ‘लिनक्स टाका’ हा सल्ला ६४-बिट यंत्रापुरता अगदी योग्य आहे. ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी एवढं असलं, की डेबियन किंवा मिंट हे लिनक्स सुखाने चालतं.

खरी परीक्षा ३२-बिट यंत्रांची. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतलं, त्या ३८६चा पाठिंबा २०१३च्या ३.८ आवृत्तीत गेला. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. पाठोपाठ फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या १५व्या आवृत्तीनेही ती वाट बंद केली. कोणी दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. तपासणारे हातच उरले नाहीत. पण दार बंद झालं, हे खरं.

नेटबीएसडीने ते उघडं ठेवलं आहे. १९९३पासून चालत आलेली ही प्रणाली जुन्या पीसीवरच काय, व्हॅक्स आणि अमिगा या जुन्या यंत्रांवरही चालते. यामागे भावनेपेक्षा बांधणी जास्त आहे. यंत्राशी थेट बोलणारा भाग तिथे इतका वेगळा काढलेला आहे, की एकच ड्रायव्हर अनेक जातींच्या यंत्रांवर चालतो. शिवाय संपूर्ण प्रणाली नव्या, वेगवान संगणकावर कंपाइल करून जुन्यावर नेता येते. तारखेसाठी ३२ बिटांत मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ला संपतात; नेटबीएसडीने ६.० आवृत्तीत, २०१२ सालीच, ते मोजमाप ६४ बिटांचं करून टाकलं. पंचवीसेक वर्षं पुढचं पाहून केलेल्या अशा कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अडतं ते ब्राउझरपाशी. आजची बरीच संकेतस्थळं ५१२ एमबी रॅममध्ये मावत नाहीत. फायरफॉक्सला २०१७पासून एसएसई२ सूचनासंच लागतो, म्हणजे पेन्टियम ३ बाद. आता ३२-बिट लिनक्ससाठी नवं फायरफॉक्स निघणंही थांबलं आहे. म्हणून अशा यंत्राकडून बँकेचे व्यवहार किंवा व्हिडिओ मागू नयेत. लेखन, हिशेब, सी भाषेचा अभ्यास आणि घरातल्या फायलींची साठवण ही कामं ते चोख करतं.

मराठीत लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसत्या काळ्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही. एक्स-विंडो, लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट आणि जोडाक्षरं नीट जुळवणारा संपादक, एवढं बसवावंच लागतं. त्यानंतर इन्स्क्रिप्ट या कळमांडणीने बोटं चालवायला हे यंत्र कमी पडत नाही. जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड तर आजच्या चपट्या कळांपेक्षा कितीतरी चांगला.

घरातला जुना संगणक भंगारवाल्याकडे निघाला असेल, तर आधी त्याच्या घड्याळाचा सेल बदला. सेल मेला की तारीख मागे जाते, सुरक्षा-प्रमाणपत्रं चुकीची ठरतात, संकेतस्थळं उघडत नाहीत, आणि दोष मात्र यंत्राला लागतो. मग पेनड्राइव्हवरून अँटीएक्स हे हलकं लिनक्स सुरू करून पाहा. त्यासाठी डिस्कवरचं काहीच पुसावं लागत नाही.