आधी पान, मग करामत

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेतून वेब जगासाठी खुलं केलं, तेव्हा जावास्क्रिप्ट जन्मालाही आली नव्हती; ती १९९५ची. आज मात्र अनेक पानं कोरी येतात आणि स्क्रिप्ट उतरल्यावरच त्यांत अक्षरं भरतात. ती वाटेत अडली, की पडदा पांढरा.

‘स्क्रिप्ट बंद ठेवणारे असतात तरी किती?’ असं मला विचारलं जातं. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने २०१३मध्ये हे मोजलं. १.१ टक्के लोकांकडे स्क्रिप्ट चालली नाही. त्यांत ती बंद असलेले वा ब्राउझरला न पेलणारे ०.२ टक्केच, उरलेल्या ०.९ टक्क्यांकडे चालायला हवी होती, तरी चालली नाही. म्हणजे प्रश्न मूठभर हट्टी लोकांचा नाही, नेटवर्क गेलेल्या कुणाचाही आहे.

अंधांचा स्क्रीन रीडर स्क्रिप्टसह चालतो. अडचण निराळी आहे. साध्या चौकटीला स्क्रिप्ट जोडून बटण ‘भासवलं’, तर ते बटण आहे हे त्याला कळत नाही. कीबोर्डनेही ते दाबलं जात नाही. एचटीएमएलचं मूळ बटण हे गुण घेऊनच येतं.

म्हणून मी क्रम महत्त्वाचा मानतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात जिल्हा निवडून ‘पुढे’ दाबावं, सर्व्हरने तालुक्यांची यादी असलेलं पान पाठवावं. स्क्रिप्ट असेल तर तीच यादी जागच्या जागी उघडावी. नसेल, तर चार क्षण जास्त लागतील. पण शेवटच्या तारखेला अर्ज पोचेल.