रस्त्यावरचा कॅमेरा, अनोळखी चेहरा

विसर्जन मिरवणुकीत किंवा मंडईत अनोळखी माणसाचा फोटो काढणे एवढ्यानेच आपल्याकडे गुन्हा होत नाही. तशी सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. पण घराबाहेर पडले म्हणून खासगीपणाचा हक्क संपत नाही, हे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातून स्पष्ट झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी तेव्हा हा हक्क मूलभूत ठरवला.

शिक्षेची वेळ कधी येते? आपल्याला कोणी पाहत नाही असे स्त्रीने गृहीत धरावे अशा जागी तिच्या खासगी कृतीचे चित्रण केले, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ लागते. तिने चित्रणाला संमती दिली, पण ते पसरवायला दिली नाही, तरी पसरवणारा दोषीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई स्त्री-पुरुष दोघांनाही संरक्षण देते. गुप्तांगांचा चोरून काढलेला फोटो त्यात येतो, मग तो भर रस्त्यात का काढलेला असेना. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नुसता चेहरा मात्र या दोन्ही कलमांबाहेर राहतो. अपघातानंतर रस्त्यात हंबरडा फोडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ हजारोंच्या मोबाइलवर फिरतो आणि त्याला ही कलमे कामी येत नाहीत. ही उणीव मला फार गंभीर वाटते.