अपक्ष, तंत्रस्नेही उमेदवार आणि विधानसभा निवडणूक : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात

संगणक व भ्रमणध्वनी यांच्या बळावर पक्षाविना विधानसभेत पोहोचता येईल काय, या प्रश्नाचा पेण-रोहा परिसरापुरता विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महाराष्ट्र विधानसभेवर १९९५ मध्ये ४५ अपक्ष निवडून आले होते. २००९ मध्ये ही संख्या २४, २०१९ मध्ये १३ आणि २०२४ मध्ये केवळ २ झाली. भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचला त्याच काळात अपक्ष घटले, ही बाब लक्षणीय होय. रायगड जिल्ह्यात २०१९ साली उरणमधून महेश बालदी अपक्ष म्हणून विजयी झाले खरे. परंतु ते भाजपचे बंडखोर होते व कार्यकर्त्यांचे जाळे त्यांच्यापाशी आधीच होते. २०२४ मध्ये ते पक्षाच्याच चिन्हावर निवडून आले.

अपक्षाची खरी अडचण चिन्हाची असते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षास दहा लागतात, ते मिळतात. चिन्ह मात्र माघारीची मुदत संपल्यावरच हाती येते. २०२४ मध्ये माघारीचा अंतिम दिवस ४ नोव्हेंबर व मतदान २० नोव्हेंबरला होते. प्रचार ४८ तास आधी थांबतो, म्हणजे उरले जेमतेम चौदा दिवस. येथे तंत्रज्ञानाचा उपयोग निर्विवाद आहे. चिन्हाचे चित्र एका रात्रीत सुधागडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जाऊ शकते. मात्र २०१३ पासून समाजमाध्यमांवरील खर्चही निवडणूक खर्चात धरला जातो.

ओळख किती ठिसूळ असते, हे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत दिसले. रोह्याचे सुनील तटकरे यांचा अनंत गीते यांनी २,११० मतांनी पराभव केला. तटकरे यांच्याच नावाच्या अपक्षास ९,८४९ मते पडली. ती सारी चुकून पडली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, परंतु पराभवाच्या फरकाच्या ती चौपटीहून अधिक होती. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागले. अनोळखी अपक्षास त्याचा लाभ व्हावा.

दुसरी अडचण सीमांची. रोहा तालुका एकाच मतदारसंघात नाही. त्याचा काही भाग पेण मतदारसंघात मोडतो, उर्वरित अन्यत्र. व्हॉट्सॲपचे गट मात्र गाव, तालुका वा महाविद्यालयीन तुकडीनुसार बनतात. रोह्यात हजारोंनी वाचलेला संदेश पेणच्या मतपेटीत उतरेलच असे नाही.

आणि मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर प्रतिनिधी बसवावा लागतो. ते मनुष्यबळ प्रश्नांभोवतीच गोळा होते. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविषयी पेण तालुक्यातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सार्वमत घेण्यात आले. त्यामागील संघटन गावोगावच्या बैठकांतून उभे राहिले होते. २०१० मध्ये व्यवहार गोठलेल्या पेण अर्बन बँकेच्या ठेवीदारांनीही असेच एकत्र येऊन लढा दिला. अशा एखाद्या लढ्यातून पुढे आलेल्या उमेदवाराच्या हाती तंत्रज्ञान असेल, तर आमच्या मते तो लढतीत राहू शकेल. इतरांपुढे एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाचा, म्हणजे अनामत वाचवण्याचाच, प्रश्न उभा राहतो.