जुना मोबाइल का मंदावतो?

मोबाइल घेऊन दोन वर्षे होतात न होतात तोच तो रखडू लागतो. बॅटरी वीस-तीस टक्के शिल्लक दिसत असतानाच अचानक बंद पडतो आणि सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर तर आणखीच संथ होतो. नवा हँडसेट खपावा म्हणून कंपन्या जुना मुद्दाम बिघडवतात, असा संशय मग ग्राहकांच्या मनात बळावतो. या संशयात तथ्य किती, हे समजण्यासाठी २०१७ मधील आयफोनचे प्रकरण उद्बोधक ठरते.

दोषाचे मूळ बॅटरीच्या रसायनशास्त्रात आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक झिजते. तिची साठवणक्षमता घटते, तसाच तिचा अंतर्गत विद्युतरोधही वाढतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त वीज मागितली, की झिजलेल्या बॅटरीचा विद्युतदाब झपकन खाली येतो आणि आतील भागांच्या रक्षणासाठी फोन स्वतःहून बंद पडतो. थंडीत हा त्रास अधिक जाणवतो.

आयफोन ६ आणि ६ एस हे फोन असे अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी २०१६च्या अखेरीस वाढल्या. जानेवारी २०१७ मध्ये 'अॅपल'ने आयओएस १०.२.१ ही आवृत्ती आणली. बॅटरी थकली असेल, तर प्रोसेसरचा कमाल वेग रोखायचा, अशी योजना तीत होती. फोन बंद पडणे कमी झाले. पण त्याची किंमत वेगाने मोजावी लागत आहे, हे ग्राहकांना स्पष्टपणे सांगितले गेले नाही. केवळ बॅटरी बदलल्याने फोन पुन्हा वेगवान होतो, हे डिसेंबर २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या लक्षात आले. वेगाच्या चाचण्यांतूनही तेच दिसले, तेव्हा कंपनीने कबुली दिली आणि पुढे माफी मागितली. वॉरंटी संपलेल्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर ७९ वरून २९ डॉलरवर आणला. मार्च २०१८ मध्ये आलेल्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची प्रकृती पाहण्याची सोय झाली.

खरा आक्षेप तांत्रिक उपायावर नव्हता, तर मौनावर होता. कारण ठाऊक नसलेला ग्राहक बॅटरी बदलून भागले असते तेथे नवा हँडसेट घेतो. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये 'अॅपल'ला १ कोटी, तर जुन्या फोनला न झेपणारे अद्ययावतीकरण पुरविल्याबद्दल 'सॅमसंग'ला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. फ्रान्सनेही २०२० मध्ये माहिती दडविल्याबद्दल 'अॅपल'ला २ कोटी ५० लाख युरो भरायला लावले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, ८०० वेळा चार्ज होऊनही बॅटरीने मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के क्षमता टिकवलीच पाहिजे.

प्रत्येक दोष बॅटरीचा नसतो. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या आयओएस ८.०.१ मुळे अनेक नव्या आयफोनचे नेटवर्कच गेले आणि सुमारे तासाभरात ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. म्हणून मोठी आवृत्ती आल्यावर महत्त्वाची माहिती आधी दुसरीकडे साठवावी आणि चार दिवस थांबावे. सुरक्षेसाठीची दुरुस्ती मात्र टाळू नये. फोन मंदावला, तर तो टाकून देण्यापूर्वी बॅटरीची प्रकृती आणि शिल्लक जागा तपासावी. बरेचदा दुरुस्तीचा खर्च नव्या हँडसेटच्या किमतीचा अल्पसा भागच असतो.