पारा पन्नाशीला, ट्रेलर पाठीशी!

अमेरिकेचा नैऋत्य कोपरा. ॲरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाचं वाळवंट. जुलैची भर दुपार. अशा उन्हात लोक पिकअपच्या मागे बोट, घोड्यांची गाडी नाहीतर अख्खं चाकांवरचं घर जोडतात आणि बिनधास्त घाट चढतात! इंजिनचं डोकं तापतं, ड्रायव्हरचं थंड राहावं लागतं. सीटबेल्ट लावा मंडळी, पाण्याची बाटली भरून घ्या. हे फीचर एकदम हॉट आहे!

५६.७ अंश. बस्स?
जगातलं हवेचं सर्वांत जास्त अधिकृत तापमान कुठलं, माहीत आहे का? कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक. तारीख १० जुलै १९१३, पारा ५६.७ सेल्सियस. तिकडच्या फॅरनहाइटमध्ये १३४. आणि जुलै २०२४ मध्ये तिथे दिवस-रात्र मिळून महिन्याची सरासरी ४२.५ अंश होती. हो, रात्रीसुद्धा धरून!

थर्मामीटर की टॉवर?
डेथ व्हॅलीच्या वाटेवरच्या बेकर गावात १९९१ मध्ये एक थर्मामीटर उभा राहिला. उंची १३४ फूट. १३४ अंशांच्या विक्रमाला १३४ फुटांचा सलाम! गावाबाहेर पडलं की लांबलचक चढ लागतो. खाली ताप बघायचा, वर इंजिनला ताप द्यायचा.

पिकअपची बोर्डाची परीक्षा
जाहिरातीत लिहितात, 'हा ट्रक पाच टन ओढतो.' पण हे ठरतं कुठे, माहीत आहे का? ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटात! कोलोराडो नदीकाठच्या बुलहेड सिटीजवळून निघायचं, सुमारे १८ किलोमीटर चढायचं आणि जवळजवळ ९०० मीटर उंची गाठायची. पायथ्याशी पारा किमान ३८ अंश हवा, एसी फुल्ल हवा. मागे दोनच चाकं असलेल्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली गेला की नापास!

आधी आपापले पेपर, आपापले मार्क
या परीक्षेचं नाव एसएई जे२८०७. ती येण्याआधी प्रत्येक कंपनी ओढण्याचा आकडा स्वतःच्या पद्धतीने काढायची. नवी पद्धत सर्वांत आधी टोयोटाने स्वीकारली, २०११ च्या टुंड्रा पिकअपसाठी. मग हळूहळू बाकीचेही त्याच वर्गात येऊन बसले.

फॅमिली मोठी, आकडा छोटा
आता बारीक अक्षरातली गंमत. या आकड्यात ट्रकमध्ये माणसं किती धरलेली असतात, माहीत आहे का? फक्त दोन. तीही प्रत्येकी ६८ किलोची! मागच्या सीटवर मुलं, आजी-आजोबा, आइसबॉक्स आणि कुत्रा चढला की तेवढं वजन ट्रेलरच्या हिश्श्यातून वजा करा.

दोन लिटर पेट्रोल, फक्त उंचीसाठी
ट्रक आणि ट्रेलर मिळून सात टन धरा. ते ९०० मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा साधारण दोन लिटर पेट्रोलमध्ये मावते. पण इंजिन जाळतं त्याच्या तिप्पट-चौपट, आणि उरलेल्याची होते उष्णता! त्यातला मोठा वाटा रेडिएटरने बाहेर फेकायचा. कुठे? ४८ अंशांच्या हवेत. बिचारा रेडिएटर!

पातळ हवा, पातळ दम
गरम हवा विरळ असते. १५ अंशांच्या मानाने ५० अंशांची हवा जवळजवळ ११ टक्के विरळ. म्हणजे इंजिनच्या प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. काम दुप्पट, खुराक अर्धपोटी!

विमानांनाही याचा फटका बसतो. २६ जून १९९० रोजी फिनिक्समध्ये पारा ५० अंशांवर गेला आणि विमानतळावरची उड्डाणं काही काळ थांबवावी लागली. इतक्या उष्णतेत विमान कसं उडेल याचे तक्तेच हाताशी नव्हते!

एसी बंद, हीटर चालू!
कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी घाटांत चक्क पाट्या आहेत: इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. त्याहून भन्नाट जुनी युक्ती माहीत आहे का? काटा लालकडे सरकला की केबिनचा हीटर फुल्ल! हीटरच्या आत छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनची उष्णता ओढून केबिनमध्ये सोडतो. ड्रायव्हर भाजून निघतो, इंजिन वाचतं.

झाकणातली जादू
रेडिएटरमधलं पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. पण झाकण घट्ट बसवून दाब वाढवला की ते १२५ च्या पुढेही शांत राहतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. दाब सुटला की ते क्षणात उकळून तोंडावर येतं. अगदी प्रेशर कुकरसारखं!

ही घरघर गोड आहे
चढावर बॉनेटमधून अचानक विमानासारखा आवाज आला तर घाबरू नका. बऱ्याच मोठ्या पिकअपमध्ये पंख्याला क्लच असतो. गरम हवा लागली की आतली दोन धातूंची पट्टी वळते, दाट सिलिकॉन तेलाला वाट मिळते आणि पंखा जोरात फिरू लागतो. कित्येक ट्रकमध्ये हे सगळं वर्षानुवर्षं विनासेन्सर, विनाकॉम्प्युटर चालत आलं!

घाट चढा, पण पाठमोरे
फोर्डने पहिली कारखान्यातून तयार पिकअप विकली १९२५ मध्ये, मॉडेल टी, किंमत २८१ डॉलर. बहुतेक मॉडेल टी गाड्यांना पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी वर, गार पाणी खाली, आपोआप! पेट्रोलही टाकीतून उतारानेच इंजिनकडे वाहायचं. चढ फार तीव्र झाला की ते पोहोचेना. मग काय? गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये चढवायची! रूट ६६ वरच्या ओटमनजवळच्या घाटात हे दृश्य नेहमीचं होतं. आणि डेव्हिस डॅमचा परीक्षेचा घाट? त्याच डोंगररांगेत!

बंपरवर पाणपिशवी
त्या काळी वाळवंट ओलांडणाऱ्या गाड्यांच्या नाकावर कापडी पिशवी लटकायची. पाणी झिरपायचं, वारा लागायचा, बाष्प उडायचं आणि आतलं पाणी गार! तहानेला प्यायला, तापल्या रेडिएटरला पाजायला. एका पिशवीत दोन पेशंट!

अंतराळयान ओढलं, पण…
ऑक्टोबर २०१२. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एन्डेव्हर हे स्पेस शटल! महामार्गावरचा एक पूल त्याने कशाच्या मागे ओलांडला, माहीत आहे का? टोयोटा टुंड्रा पिकअपच्या! यान आणि खालची गाडी मिळून वजन सुमारे १३० टन. २०१९ मध्ये फोर्डच्या इलेक्ट्रिक पिकअपच्या नमुन्याने तर रेल्वेचे दहा डबलडेकर डबे ओढून दाखवले.

गुपित काय? सपाट जागा, मुंगीचा वेग आणि मोजकं अंतर. एकदा हललेलं चाक सपाटीवर फारसं अडत नाही. खरी कसोटी उन्हात, चढावर, हायवेच्या वेगात लागते.

हवा सोडू नका, हवा करू नका
तापमान साडेपाच अंश वाढलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय वाढतो. वाढलेला दाब पाहून रस्त्यात हवा सोडणं ही मोठी चूक. दाब कमी झाला की टायरच्या बाजू जास्त दुमडतात, अजून तापतात आणि फाट! दाब बघायचा तो सकाळी, टायर थंड असताना.

वेगाची हवा तर नकोच. ट्रेलरचे कित्येक टायर ताशी १०५ किलोमीटरसाठीच बनलेले असतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना कायद्यानेच मर्यादा आहे, साधारण ८८!

जादूचं बटण
पिकअपमधलं 'टो-हॉल' बटण दाबलं की गिअरबॉक्स उगाच वर-खाली करत नाही. चढावर गिअर धरून ठेवतो, तेल कमी तापतं. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनलाच ब्रेक बनवतो. एका बटणात चढही सोपा, उतारही सोपा!

बॅटरीचा व्हिलन
थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून सगळे थंडीला शिव्या देतात. खरं तर बॅटरीचं आयुष्य जास्त खातो उन्हाळा. आतली रासायनिक झीज उष्णतेत वेगाने होते. हिवाळा फक्त निकाल जाहीर करतो!

पाऊल जपून
फिनिक्सच्या उन्हाळ्यात डांबर ७० अंशांच्या आसपास तापतं. रस्त्यावर पडून भाजलेल्या माणसांना तिथे दरवर्षी बर्न सेंटरमध्ये भरती करावं लागतं. टायर बदलायला गुडघे टेकताय? खाली जाड चटई हवीच.

हेलिकॉप्टरही म्हणतं, सॉरी!
हे मात्र मनापासून वाचा. डेथ व्हॅलीत पारा ४९ अंशांच्या वर गेला की मदतीचं हेलिकॉप्टर सहसा उडू शकत नाही. पुन्हा तीच विरळ हवा! म्हणून तिथल्या नॅशनल पार्कचा सल्ला: मुख्य डांबरी रस्ता सोडू नका, माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी ठेवा आणि गाडी बंद पडली तर तिच्याजवळच थांबा. चालत निघालेल्या माणसापेक्षा उभी गाडी लवकर सापडते.

फुकटातला अपग्रेड
मोठा रेडिएटर, जादा कूलर, महाग टायर यांच्याआधी एक गोष्ट करा. पहाटे निघा! हवा दाट, म्हणून इंजिनला दम. डांबर निवलेलं, म्हणून टायरला आराम. एसीवर भार कमी, म्हणून काटा मध्यावर. घाट तोच, ट्रेलर तोच, ट्रकही तोच. फक्त गजर चारचा लावा आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत माथा गाठा!