कपाटाचा तह

रमजानचे शेवटचे दहा दिवस लागले की मोहल्ल्यातल्या बहुतेक घरांत एक दुपार कपाटाची असते. जुहरची नमाज झालेली असते, रोज्यामुळे दुपारच्या जेवणाचा पसारा नसतो, इफ्तारीच्या तयारीला अजून दोन तास असतात. एवढी सलग दुपार घरातल्या बाईला वर्षात क्वचितच मिळते. मग कपाटातलं सगळं पलंगावर येतं. दोन खोल्या, सहा माणसं, एक लोखंडी कपाट आणि चार दिवसांनी शिंप्याकडून येणारे नवे जोड. जागा करायची आहे.

ईद चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. त्यामुळे या काही वर्षांत ती स्वेटर-गोधड्या आत ठेवायच्या दिवसांत येते आहे. २०२५ साली तर ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद होती. सामाईक भिंतीच्या एका बाजूला गुढीसाठी पैठणी काढली जात होती आणि दुसऱ्या बाजूला शरारा उन्हात पडला होता.

मराठीत कपड्याची घडी, उर्दूत तह. मराठी माणसाला तह म्हटलं की १६६५ सालचा पुरंदरचा तह आठवतो आणि कपाटापुरता तो अर्थही चालून जातो. वरचा खण सासूबाईंचा, मधला मुला-सुनेचा, खालचा नातवंडांचा, असा करार असतो. कॉलेजात जाणारी नणंद अर्ध्या खणावरून दर वर्षी नव्याने भांडते. खण कोणाचाच वाढत नाही. बदलता येते ती फक्त घडी.

आपल्याकडे घड्या एकावर एक रचतात. दिसायला ढीग छान दिसतो, पण तळातला कुर्ता ओढला की वरचे आठ कोसळतात. शिवाय तळाचं दिसत नाही, म्हणून वापरलं जात नाही आणि तसलंच दुसरं विकत येतं. जपानच्या मारी कोंदो यांनी घडी आडवी न रचता उभी ठेवायची पद्धत जगभर नेली. त्यांचं पुस्तक जपानीत २०११ साली आणि इंग्रजीत २०१४ साली आलं. त्यांच्या बाकीच्या शिकवणीचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण उभी घडी खरोखर कामाची आहे. कपाटात पुस्तकांच्या पाठी दिसाव्यात तसे कपडे दिसतात.

सलवार-कुर्त्याला ती अशी बसते. कुर्ता पालथा पसरायचा, दोन्ही बाजू आत घ्यायच्या, बाह्या पाठीवर सरळ खाली सोडायच्या. लांब पट्टी तयार होते. सलवारीचे दोन्ही पाय एकावर एक ठेवून मधला बाहेर आलेला त्रिकोण आत दुमडायचा, तिचीही तेवढीच पट्टी करायची. सलवार आणि ओढणी कुर्त्यावर ठेवून आधी अर्धी आणि मग तीन पदरी घडी घालायची. अख्खा जोड एका ठिकाणी राहतो. सहेरीच्या अंधारात ओढणी शोधत फिरावं लागत नाही. घडी खाली ठेवल्यावर उभी राहिली नाही तर ती सैल झाली, पुन्हा करायची. आपल्या कपाटाला ड्रॉवर नसतात, उघडे खण असतात, तिथे उभ्या घड्या पडतात. त्यावर उपाय बुटांच्या खोक्यांचा, आणि ईदच्या दिवसांत घरात बुटांची खोकी कमी नसतात.

अबाया निसरड्या कापडाचा असतो, त्याची गुंडाळी बरी. चादरीचा जोड त्याच्याच उशीच्या अभ्र्यात घालावा. जरीचं मात्र लाडाने करावं लागतं: जरीची बाजू आत, भोवती जुनी मऊ मलमल, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही आणि दर वेळी घडीची रेघ बदलायची. एकाच रेघेवर वर्षानुवर्षं दुमडलेलं कापड तिथेच विरतं. ही गोष्ट पैठणी जपणाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

घड्या घालता घालता पलंगाच्या एका कोपऱ्यात वेगळा ढीग जमतो. एकदाच घातलेला, आखूड झालेला, कोणाच्या तरी लग्नात मिळालेला आणि कधीच न आवडलेला. वापरातल्या कपड्यांवर जकात नाही. ती सोनं-चांदी, रोकड, व्यापाराचा माल यांवर अडीच टक्के. त्यामुळे कपाटाचा हिशेब धर्माने मागितलेला नाही. तरी तो ढीग पाहून बाई मनातल्या मनात हिशेब करतेच.

पुष्कळ घरांत हा ढीग चादरीत बांधून चांदरातीला दारात ठेवला जातो. मागायला आलेल्या बाईने बोचक्यात हात घालून आपल्या पोराच्या मापाचं शोधायचं, तेही येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. बटण तुटलेलं, नाडा गेलेला. शिंप्याचं दुकान तोवर नव्या जोडांत बुडालेलं असतं, तो बाही आखूड करून देणार नाही. याला देणं म्हणावं का, हा प्रश्नच आहे.

जाणत्या घरांत हे काम विसाव्या रोज्याच्या आत उरकतात. कपडा धुऊन, बटण लावून, इस्त्री करून, नव्यासारखी घडी घालतात. जोड एकत्र, आत मापाची किंवा वयाची चिठ्ठी. आणि एक पथ्य पाळतात: मुलांचे कपडे त्याच गल्लीत, त्याच शाळेतल्या मुलाला द्यायचे नाहीत. ईदगाहवर नमाज संपते, सगळे गळाभेट घेत असतात आणि सात-आठ वर्षांचा एखादा पोरगा दुसऱ्याच्या कुर्त्याकडे बोट दाखवून म्हणतो, "ये तो मेरा था." त्याच्या मनात काही नसतं. पण समोरच्या पोराचा दिवस तिथेच संपलेला असतो. म्हणून हे जोड शहराच्या दुसऱ्या टोकाला, नातेवाइकांच्या ओळखीच्या घरी जातात. रिक्षाचे शंभर रुपये जास्त पडतात, ते पडू देतात.

असरची अजान होईपर्यंत पलंग मोकळा झालेला असतो. जानमाज झटकून, घडी करून जागेवर जाते. खालचा खण अर्धा रिकामा दिसतो. नणंद त्यावर ताबडतोब हक्क सांगते, सासूबाई ऐकलं न ऐकल्यासारखं करून भजीचं पीठ भिजवायला उठतात. ईदच्या दुपारी सुनेच्या माहेरहून सहा जोड येतात आणि हा वादही मिटतो.